दगड की पिशवी

डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर बसलेली माणसं मला अजून विचारतात, "भाऊ, तुम्हाला नेमकं कधी कळलं?" मला सांगता येत नाही. जमीन मोजणीच्या खात्यात मी बावीस वर्षं काढली. कुणाचा बांध कुठे संपतो आणि शेजाऱ्याचा कुठे सुरू होतो, हे इंचात सांगण्याचा मी पगार घेतला. पण माझी नजर कुठे संपली आणि अंधार कुठे सुरू झाला, ती हद्द काही मला दाखवता येत नाही. हे लिहितोय म्हणजे फोनला सांगतोय, फोन लिहितोय आणि काय लिहिलं ते मला वाचून दाखवतोय. चुका सापडल्या तर निम्म्या त्याच्या नावावर टाका.

*

धुळ्यातल्या एका दवाखान्यात मी गेलो होतो ते चष्म्याचा नंबर बदलून घ्यायला. बरोबर प्रतिभा होती, माझी बायको. तिची तक्रार डोळ्यांची नव्हतीच. मी तिच्याकडे लक्ष देत नाही, ही तिची तक्रार. ती बाजूने वाटी सरकवते आणि मी हात मारून आमटी सांडतो. दारातल्या चपलांना अडखळतो. एका लग्नात तिच्या भावाने बाजूने नमस्कार केला आणि मी ओळख न दाखवता पुढे निघून गेलो, तेव्हापासून तो रुसून बसला होता. मला साहेबकी चढली आहे, असं तिच्या माहेरी सर्वानुमते ठरलं होतं.

दवाखान्यात एका मशीनमध्ये डोकं घालायला लावलं. आत कुठेही दिवा लागला की हातातलं बटण दाबायचं. एक-दोन दिवे लागले, मी दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. मी त्या मुलीला म्हणालो, ताई, मशीन बंद पडलं वाटतं. ती म्हणाली, "चालू आहे, काका. दिवे लागतायत."

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. उजवा डोळा जवळजवळ गेलेला, डाव्यात मधली थोडी जागा शिल्लक. गेलं ते परत येत नाही, उरलं ते थेंबांनी सांभाळायचं. मी त्यांच्याशी वाद घातला. म्हटलं, अहो, मी रोज मोजणीच्या मशीनच्या दुर्बिणीला डोळा लावतो, दोनशे मीटरवरचं टिपतो. ते म्हणाले, म्हणूनच तर कळलं नाही. दुर्बिणीला मधलीच नजर लागते, आणि तुमची तेवढीच राहिली आहे. मग ते एक वाक्य बोलले, ज्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मेंदू रिकामी जागा रिकामी ठेवत नाही, आजूबाजूला जे असेल त्याने ती भरून टाकतो. त्यामुळे तुम्हाला काळं काही दिसत नाही, भिंतीशेजारी भिंत दिसते, गवताशेजारी गवत दिसतं.

बाहेर आलो आणि आम्ही दोघांनी गाडीवरची भजी खाल्ली. का खाल्ली, ते आजही दोघांना माहीत नाही. प्रतिभा म्हणाली, मिरची तिखट आहे. मी म्हणालो, हो.

*

पुढे जळगावला ऑपरेशन झालं. कपाळावर कोणता डोळा ते दाखवणारी चिकटपट्टी लावूनही दर तासाला थेंब टाकायला येणारी सिस्टर विचारायची, कोणता डोळा? मला दरवेळी शंका यायची की आपण बरोबर सांगतोय ना. शेजारच्या खाटेवर धरणगावकडचे एक आबा होते. ते केळ सोलून त्याचे तुकडे न बोलता माझ्या हातावर ठेवायचे. मला ते माझ्या गावाकडचे निघाले याचाच इतका आनंद झाला, की त्यांचं नाव विचारायचंच राहून गेलं.

ऑपरेशनने डोळ्यातला दाब उतरला, पण नजर काही थांबली नाही. वर्षभरात डाव्या डोळ्यातली ती मधली जागाही बारीक झाली. आता उजेड कळतो आणि माणूस उभा असला तर त्याची सावली कळते. कायद्यामुळे नोकरी गेली नाही. टेबल मात्र बदललं. टेबलावर करायला काय आहे, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बसून राहायचो.

*

नाना माझ्या आयुष्यात आले ते फोनवरूनच. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते, आता निवृत्त. जन्मापासून आंधळे. कुणीतरी नंबर दिला म्हणून मी फोन केला आणि रडवेल्या आवाजात माझी कहाणी सुरू केली. त्यांनी मध्येच अडवून विचारलं, फोन कुठला आहे ते सांगा, बाकीचं नंतर ऐकतो.

फोनमध्येच बोलणारी सोय असते, हे मला माहीत नव्हतं. प्रतिभाने नानांच्या सांगण्यावरून ती चालू केली आणि आमच्या घरातला फोनच बंद पडल्यासारखा झाला. एकदा बोट टेकवलं की फोन फक्त त्या जागेचं नाव सांगतो. उघडायचं असेल तर दोनदा टिचकी मारायची. पान सरकवायला दोन बोटं. प्रतिभाला सवय नेहमीची, ती एकदा दाबून वाट बघायची आणि फोन तिला फक्त नाव सांगायचा. माझ्या सासऱ्यांचा फोन वाजत राहिला आणि आम्ही दोन शिकलेली माणसं त्यावर बोटं आपटत बसलो. शेवटी ती शेजारणीच्या फोनवरून बोलली. सासऱ्यांना वाटलं, जावई आता फोनही घेत नाही.

पहिले पंधरा दिवस मला काहीच कळलं नाही. फोन भराभर बोलायचा, मी अर्धं ऐकून टिचकी मारायचो आणि भलतंच उघडायचं. काही ॲपमध्ये बटणांना नावंच दिलेली नसतात. तिथे तो नुसता "बटण, बटण, बटण" म्हणत जातो. मी नानांना म्हणालो, ही काय पद्धत आहे? कुठलं बटण ते कसं कळणार? ते हसले. म्हणाले, साहेब, तुम्ही बावीस वर्षं लोकांना नकाशे दिले, त्यातले किती त्यांना वाचता येत होते?

मी चिडून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला.

*

मग चालणं. नानांनी पायी रस्ता सांगणारं ॲप टाकायला लावलं. कानात एकच इअरफोन, दुसरा कान रस्त्याला मोकळा, हातात पांढरी काठी. काठी मी आठवडाभर पिशवीत लपवून नेत होतो, ती उघडताना गल्लीतल्या सगळ्यांच्या नजरा लागल्यासारखं वाटायचं. वास्तविक मला एकही नजर दिसत नव्हती.

ॲपशी माझं पहिल्या दिवशीच वाजलं. ते पाच मीटर इकडेतिकडे चुकतं. मी नानांना म्हणालो, पाच मीटर! अहो, पाच फुटांपायी मी सख्खे भाऊ कोर्टात गेलेले पाहिलेत. तर नाना म्हणाले, मग तुम्ही मोजा आणि ते सांगेल, दोघं मिळून चाला.

इथे मी असा घोळ घातला, जो माझ्या खात्यातला माणूसच घालू शकतो. आमच्या गल्लीची मोजणी मीच केली होती. रस्ता किती रुंद हे मला पाठ होतं. ॲप म्हणालं सरळ, मी डोक्यातल्या नकाशाप्रमाणे कडेने सरळ चाललो आणि तिसऱ्याच घरासमोर नडगी फुटली. कारण नकाशातला रस्ता नकाशात होता. प्रत्यक्षात प्रत्येकाने ओटा दोन-दोन फूट पुढे ओढलेला, त्यावर पायऱ्या, पायऱ्यांवर तुळस आणि पुढे मोटारसायकल. मी अगदी कायदेशीर रेषेत चालत होतो आणि सगळं धुळं माझ्या रेषेत येऊन बसलं होतं.

दुसरा त्रास प्रेमाचा. चौकात मी ॲपचं ऐकत उभा राहिलो की कुणीतरी दंड धरून मला पलीकडे नेऊन सोडायचं. मला पलीकडे जायचंच नसायचं. एकाने तर गाडीवर बसवून थेट देवळासमोर उतरवलं. कानातला आवाज मागे फिरा, मागे फिरा म्हणत होता आणि मी त्या माणसाचे आभार मानत होतो. त्या दिवशी घरी पोचायला पाऊण तास लागला आणि मी उंबऱ्यावर बसून अगदी मोठ्याने रडलो. प्रतिभा आत गेली आणि पाणी घेऊन आली.

*

हे सगळं जमायला लागलं, मी एकटा ऑफिसला जायला लागलो, आणि तेव्हाच डॉक्टरांचं ते वाक्य माझ्या मागे लागलं. गवताशेजारी गवत दिसतं.

पिंपळनेरच्या पुढे एका गावात मी एक मोजणी केली होती, काचबिंदूचं कळण्याच्या आठ महिने आधी. वेणूअक्का म्हणून एक विधवा बाई आणि शेजारी त्यांचा सख्खा दीर. बाकीच्या खुणा नांगरटीत गेल्या होत्या. बांधावर एक जुना दगड होता, तो दिराने दाखवला आणि मी त्यावरून हद्द धरली. सहा फुटांची पट्टी आणि त्यातला आंबा दिराकडे गेला. तेव्हा अक्का म्हणाल्या होत्या, "साहेब, तठे आखो एक दगड शे." मी मान वळवून पाहिलं. गवत होतं. मी म्हणालो, नाही अक्का, दुसरा दगड नाही.

आता मला ते गवत लख्ख आठवत होतं. पण ते मी पाहिलेलं गवत, की मेंदूने भरलेलं? आठवण काही हात लावून तपासता येत नाही. आधीच्या दोन-तीन वर्षांतलं सगळंच मला संशयास्पद वाटू लागलं. प्रतिभाचा हसरा चेहरासुद्धा. मला वाटायचं, तोही माझ्या मेंदूने भरून काढला असेल.

मोजणी झाली की हजर माणसांचा फोटो काढायची आमची पद्धत. तो फोटो फोनमध्ये होता. नानांनी चित्राचं वर्णन सांगणारं ॲप दिलं होतं, त्याला मी फोटो दाखवला. ते म्हणालं, शेतात पाच माणसं उभी आहेत, मागे झाड आहे, उजवीकडे एकाच्या पायाजवळ दगड आहे. दिराने दाखवलेला दगड तर फोटोच्या बाहेर होता. खात्री करावी म्हणून पुन्हा विचारलं. या वेळी दगडाची पिशवी झाली. तिसऱ्यांदा ते म्हणालं, करड्या रंगाची वस्तू.

मी प्रतिभाला हाक मारली. तिला सगळं सांगितलं, मग फोटो दाखवला. ती फोन घेऊन खिडकीपाशी गेली. मग म्हणाली, "पिशवी आहे. तुमचीच, मशीनची."

तिचा आवाज मी वीस वर्षं ऐकतोय. त्या आवाजात काय होतं, ते मला ठरवता आलं नाही. न दिसता मोजणी केली असं मी कबूल केलं तर चौकशी लागणार, टेबलही जाईल, मुलीचं शिक्षण अर्ध्यावर आहे. हे तिला कळत होतं, मलाही. ती खोटं बोलत असेल तर माझ्यासाठी बोलत होती. खरं बोलत असेल तर मी तिच्यावर संशय घेत होतो. दोन दिवस मी जेवलो नाही नीट. तिसऱ्या दिवशी म्हणालो, मी जाऊन हात लावून बघतो. ती म्हणाली, मी येणार नाही.

*

पण एस.टी. स्टँडवर ती आली. मला गाडीत बसवलं आणि मी कुठे आहे ते तिच्या फोनवर दिसत राहील असं करून घेतलं. नानांनी त्या फोटोबरोबर नोंदलेलं ठिकाण काढून माझ्या ॲपमध्ये टाकलं होतं. कंडक्टरने फाट्यावर उतरवलं. तिथून दीड किलोमीटर.

डांबरी रस्ता संपला तसं ॲपही गोंधळलं. पुढे त्याच्या नकाशात रस्ताच नव्हता. ते नुसतं दिशा आणि अंतर सांगायला लागलं, ठिकाण घड्याळाच्या एक वाजता, म्हणजे समोर किंचित उजवीकडे, सहाशे मीटर. मी काठी बैलगाडीच्या चाकोरीत टाकली आणि पावलं मोजत निघालो. एकदा नाल्यात उतरलो. एकदा कुणाच्या तरी मक्यात शिरलो. प्रतिभाचा फोन आला, तुम्ही दहा मिनिटं एकाच जागी का उभे आहात? मी म्हणालो, मलाच कळत नाहीये. तिने विचारलं, परत येता का? मी नाही म्हणालो.

मग ॲप म्हणालं, ठिकाण जवळ आहे, आणि गप्प झालं. पाच मीटर इकडे की तिकडे, ते आता मीच ठरवायचं. कुठेतरी विळ्याचा आवाज येत होता. मी हाक मारली, अक्का!

"कोन शे?"

मी नाव सांगितलं. विळ्याचा आवाज थांबला. कांदे निंदत होत्या, तिथूनच त्यांनी विचारलं, आता काय मोजायचं राहिलं? मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मला दिसत नाही, त्या दिवशीही बाजूचं दिसत नव्हतं, मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या काहीच बोलल्या नाहीत. जवळ आल्या, माझ्या काठीचं दुसरं टोक धरलं आणि मला बांधावर नेलं.

मी खाली बसलो. दिराने दाखवलेला दगड हाताला लागला, ओबडधोबड. मग गुडघ्यावर सरकत गेलो. चार हातांवर दुसरा होता. चारी बाजूंनी घडवलेला, आणि वरच्या अंगाला छिन्नीची फुली. सरकारी दगड. तो ओळखायला मला डोळे लागत नाहीत. मी दोन्ही हात त्याच्यावर ठेवून बसलो.

अक्का म्हणाल्या, "त्या दिवशी ह्याच दगडवर बठीसन तुम्ही डबा खादा."

*

पुढचं थोडक्यात सांगतो. मी फेरमोजणीसाठी लेखी दिलं, कारणासकट. दुसऱ्या तालुक्यातले लोक मोजायला आले. आंबा अक्कांकडे परत आला. माझी चौकशी अजून चालू आहे, काय होईल ते मला माहीत नाही. प्रतिभाला मी दगडाचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मला खरंच पिशवी दिसली हो. मी पुन्हा विचारलं नाही, विचारणारही नाही. तुमच्यापैकी ज्यांना बाजूचं ताट दिसत नाही, त्यांनी बायकोशी भांडण्याआधी डोळे तपासून घ्यावेत, एवढंच माझं सांगणं.

पण त्या दुपारचं एक राहिलं, आणि ते कुठल्याच कागदावर नाही.

मी दगडापाशी बसलो होतो, अक्का शेजारी बसल्या. विळा खाली ठेवल्याचा आवाज आला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माले वाटनं, दीरनी तुमले पैसा चारा. मी तुमले सराप दिन्हा व्हता. तुमना डोया फुटोत, आसा."

त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मला कळलं की ही बाई मघापासून माझ्यावर रागावून गप्प नव्हती. ती घाबरली होती. मी काठी घेऊन तिच्या शेतात उगवलो, तेव्हा तिला वाटलं असणार की हे आपल्याच शापाने झालं.

मी घाईघाईने त्यांना समजवायला लागलो. अक्का, हा आजार त्याच्याही आधी दोन-तीन वर्षांपासून होता. डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. डोळे गेले म्हणून तुमचा दगड चुकला, तुमचा दगड चुकला म्हणून डोळे गेले नाहीत. मी बोटांवर महिने मोजून दाखवले. एरवी कुणाला हद्द समजवून सांगताना मी इतक्या कळकळीने बोललो नसेन.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग मना सराप कथा गया?"

म्हटलं, शाप कुठे गेला ते मलाही माहीत नाही, अक्का.

"मी तो परत लेस. डोया येतीन का?"

मी नाही म्हणालो. म्हटलं, शाप परत घेतला तरी नजर येत नाही. खोटं बोलायची ती जागा नव्हती.

"तरी लेस," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा मातीने भरलेला हात माझ्या दोन्ही डोळ्यांवरून एकदा फिरला. मग त्यांनी विळा उचलला आणि म्हणाल्या की चला, घरी भाकर खाऊन जा.